दादाचं डबिंग

नांदेडात राहत असाल तर तुम्ही मला पाहिलेलं नसेल, पण ऐकलेलं नक्की आहे. ओला कचरा वेगळा आणि सुका कचरा वेगळा द्या, असं सकाळी सात वाजता तुमच्या दारात सांगणारा मीच. निवडणुकीत समोरासमोर उभ्या असलेल्या चारही उमेदवारांना प्रचंड मतांनी विजयी करा म्हणणारा मीच. चादरींचा सेल, डोळ्यांचं शिबिर, हरवलेली म्हैस, उद्या नळाला पाणी येणार नाही, हे सगळं मीच सांगतो. पाणी आलं नाही की लोक त्या आवाजाला शिव्या देतात. मी शेजारी उभा असलो तरी मला देत नाहीत, एवढा या धंद्यात फायदा आहे.

धंदा एका खोलीत चालतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, दाराला जुनी गादी ठोकली आहे आणि रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो. नांदेडच्या मे महिन्यात पंखा बंद करून 'थंडगार उसाचा रस' असं आनंदाने म्हणून दाखवायचं. मी ते वीस वर्षं करतोय आणि अजून कुणी माझा सत्कार केलेला नाही.

मूळचे आम्ही लातूरचे. गोलाईच्या बाजारपेठेत आमचं दुकान, बैलांच्या साजाचं. घुंगरमाळा, झुली, कासरे, गोंडे. देवणीहून खरी देवणी बैलजोडी घेऊन आलेला माणूस बायकोला साडी घेण्याआधी आमच्या पायरीवर यायचा. दुकानामागे घर आणि घराला लागून पिठाची गिरणी. गिरणी दुसऱ्याची, आवाज मात्र आमचा. सकाळी नऊला सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत चालायची. तिच्या पट्ट्याला एक जोड होता, तो दर फेऱ्याला टक् वाजायचा. त्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. मीठ मागायचं तरी सभेत बोलल्यासारखं मागावं लागे. आमच्या घरात सगळ्यांचे आवाज मोठे आहेत ते या गिरणीमुळे, त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

त्यातही सगळ्यात मोठा आवाज दादाचा. तो माझ्याहून नऊ वर्षांनी थोरला. मी बोलायला शिकलो ते त्याचं ऐकून, त्यामुळे माझा आवाज म्हणजे त्याच्या आवाजाची नक्कल. फोनवर आईलासुद्धा ओळखू यायचा नाही. ती आधी विचारून घ्यायची, "कोण बोलायलाय, थोरला का धाकटा?" दादा गादीवर बसून गिऱ्हाइकाशी बोलला की निम्म्या गोलाईला कासऱ्याचा भाव कळायचा. त्या आवाजापुढे मी फक्त माइक धरला आणि नांदेडला येऊन पोट भरलं.

तर हा दादा माझ्याशी सात वर्षं बोलत नव्हता. का ते आधी सांगून टाकतो.

आमच्याकडे माणूस गेला की रिक्षा फिरते. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे, आत मशीन. अमुक अमुक यांचं दुःखद निधन झालं आहे, त्यांची अंत्ययात्रा राहत्या घरून एवढ्या वाजता निघेल. रिक्षा फिरली नाही तर लोक मातीला येत नाहीत, आणि नंतर वर्षभर तोंड पाडून म्हणतात, आम्हाला कळवलं नाही. आमचे वडील, आप्पा, गेले तेव्हा मी नांदेडात होतो. पहाटे दादाचा फोन आला. मी तोंडावर पाणी मारलं, खोलीत गेलो, पंखा बंद केला आणि आप्पांच्या निधनाची घोषणा रेकॉर्ड केली. लातुरातही असं करून देणारे होते, पण बापाची बातमी परक्या आवाजात फिरावी हे मला पटेना. एका दमात केली, आवाज कुठे कापला नाही. त्याचा मला त्या परिस्थितीतही थोडा अभिमान वाटला. मग टेबलावर पडलेली पेनड्राइव्ह घेतली, त्यात भरली आणि गाडीत बसलो.

लातुरात पोचल्यावर पेनड्राइव्ह रिक्षावाल्या चाचांकडे दिली. चाचांनी वीस वर्षं शहरातल्या सगळ्या धर्मांची माणसं पोचवलेली. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "फिकर नको करू बेटा, बडे मालिक का काम है, गली-गली फिराता." आणि त्यांनी खरोखर गल्लीन् गल्ली फिरवली.

त्या पेनड्राइव्हमध्ये आधीच्या आठवड्यातला चादरींचा सेल होता. मी पुसला नव्हता. रिक्षातलं मशीन भोळं असतं, आत जे असेल ते ओळीने वाजवतं. आप्पांची अंत्ययात्रा राहत्या घरून दुपारी चार वाजता निघेल असं म्हणून झालं की लगेच पुढे, त्वरा करा, त्वरा करा, शेवटचे दोन दिवस, एकावर एक मोफत, सहकुटुंब अवश्य या. दोन्हीकडे आवाज माझाच, त्यामुळे जोड कुठे कळला नाही. चाचा पुढे बसतात, कर्णे मागे तोंड करून असतात, आणि चाचांना त्या वयात कमीच ऐकू यायचं. दोन तास हे लातूरभर फिरलं.

मातीला गर्दी चांगली झाली. आम्ही लिंगायत, आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात. आप्पा खाली शांत बसलेले आणि वर सगळे लोक खाली बघत, ओठ दाताखाली दाबून उभे. तेव्हा मला वाटलं दुःखाने. जळकोटकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दादाला बाजूला घेऊन अगदी मनापासून विचारलं, "मालक, माती आजच हाय ना? दोन दिवस म्हणून राहिले होते." मग दादाला सगळं कळलं. जंगमांचे मंत्र संपेपर्यंत तो गप्प राहिला. माती टाकून झाल्यावर माझ्याजवळ आला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला.

"बापाचा सेल लावलास," म्हणाला.

त्यानंतर सात वर्षं काही नाही. भांडण नाही, वाटणीचा वाद नाही, काही नाही. लग्नाकार्यात भेटायचो. तो एका पंगतीत, मी दुसऱ्या. माझ्या मुलीच्या लग्नाला आला, अक्षता टाकल्या, जेवला, माझ्या बायकोला "बरं झालं सगळं" म्हणाला आणि गेला. आई होती तोवर ती दोघांचे निरोप इकडून तिकडे करायची. तीही गेली. तिच्या वेळी दादाने रिक्षाच फिरवली नाही, माणसं पाठवून घरोघर सांगितलं. मला ते जे लागलं ते कुणाला बोललो नाही. माफी मागायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्याने दुकानातल्या नोकराला सांगितलं, "पाव्हण्यांना चहा दे." चहा पिऊन परत आलो. मला त्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. जाऊ दे, झालं ते झालं. त्याच्यासारख्या मोठ्या आवाजाच्या माणसाला ते काही जड नव्हतं.

मग गेल्या वर्षी माझ्या खोलीत एक सिनेमावाला आला.

हा नांदेडचाच. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करायला गेला आणि सहा वर्षांनी डायरेक्टर होऊन बाहेर पडला. घरी अजून सांगितलेलं नाही. घरच्यांना वाटतं तो पुलाच्या साइटवर आहे. त्याने गँगस्टरांचा सिनेमा काढला होता, शूटिंग संपलं होतं आणि आवाज सगळा वाया गेला होता. गोष्ट अशी की बापाचा नदीतली वाळू चोरायचा धंदा, बापाला गोळ्या घालतात, थोरला मुलगा टोळी चालवतो, धाकटा घर सोडून गेलेला, बापाच्या मातीलाही न आलेला. दोघं एकमेकांच्या जिवावर उठतात.

"सर, भावा-भावांत एवढं वाकडं यायला कारण पण तसंच तगडं पाहिजे," तो मला समजावून सांगत होता. "म्हणून आपण तीनशे ब्रास वाळू टाकली."

मी म्हटलं, एवढी लागत नाही.

त्याने लॅपटॉप उघडला. सिनेमाची पिस्तुलं दसऱ्याच्या बाजारातली होती. काळी गाडी एका पुढाऱ्याची होती, म्हणून पुढारी प्रत्येक पाठलागात मागच्या सीटवर बसलेला दिसत होता आणि काचेतून हात हलवत होता. "ते काढता येईना सर," डायरेक्टर म्हणाला. "त्याला आपण सायलेंट किलर केलंय." मी पाहत होतो, मान हलवत होतो. नदीवरच्या प्रसंगात मोर ओरडत होता, खुनाच्या प्रसंगात कुणीतरी चार कट चहा सांगत होतं. आवाज वाया म्हणजे पार वाया गेला होता.

मग थोरल्या भावाचा पहिला प्रसंग लागला. पडदा अंधारा होता, माणूस अजून दिसत नव्हता. मागे गिरणी चालू होती. टक्. फेरा. टक्. मी कानावरचा हेडफोन दाबला. त्या पट्ट्याचा जोड मी झोपेतही ओळखीन. आणि मग उजेडात दादा आला. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं, ती मिशी, हातात कासरा. खुर्चीला एक माणूस बांधलेला होता, आमच्याच दुकानातल्या लाल गोंड्याच्या दोरीने.

डायरेक्टर खुशीत होता. "हे मालक लई भारी सापडले सर. आपण माणूस बांधायला दोर घ्यायला गेलतो त्यांच्या दुकानात. मिशी बघितली अन् दोर राहिला बाजूला. ते म्हणले, दुकान सोडून कुठं येणार न्हाई. मग सगळं त्यांच्याच गोदामात उरकलं."

मी विचारलं, यांना डबिंगला कधी आणताय?

"ते न्हाई येत म्हणले. आपण दोनदा निरोप धाडला. न्हाईच." मग त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "पण सर, खरं सांगू का? तुमचा आवाज ऐकला आणि माझं टेन्शनच गेलं. तुम्ही बोलले की ते बोलल्यासारखं वाटून राहिलंय."

माझ्या दुकानाच्या पाटीवर आडनाव नाही, नुसतं 'साउंड' लिहिलंय. त्याला काही ठाऊक नव्हतं आणि मीही ताकास तूर लागू दिली नाही. माझ्या डोक्यात एकच आलं. डबिंग माझ्याकडे आहे हे दादाला कळलं असणार, म्हणून नाही म्हणाला. सात वर्षांनी समोर यायची वेळ आली तर सिनेमा सोडला, पण अढी सोडली नाही. मला राग आला. म्हटलं ठीक आहे, तू बोलत नाहीस ना, मग मीच तुझ्या तोंडून बोलतो. काम घेतलं.

पहिले दोन दिवस मी ते काम सूड घेतल्यासारखं केलं. डबिंगला आधी मूळ आवाज एका कानात लावतात, कितीही खराब असला तरी. त्यावरून ओठ कुठे उघडतात, कुठे मिटतात ते कळतं. मग पडद्याकडे बघत त्याच जागी आपला आवाज टाकायचा. माझ्या एका कानात गिरणी आणि गिरणीखाली दादा. समोर दादाचे ओठ. "आप्पाच्या मातीला न आलेला माणूस माझा भाऊ न्हाई." सिनेमातल्या बापालाही आप्पाच म्हणत होते. हे वाक्य मी अकरा वेळा केलं. डायरेक्टर म्हणाला, सर, चौथ्यालाच ओके होतं. मी म्हटलं, असू दे.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. ती वीस वर्षं हेडफोन लावलेल्या माणसालाच यावी अशी होती. शूटिंगच्या पहिल्या दिवसाच्या प्रसंगात दादाचा आवाज गिरणीच्या वर होता. गिरणीला दाबून बोलत होता, जसा आयुष्यभर बोलला. शेवटच्या दिवसांच्या प्रसंगांत तो गिरणीच्या खाली गेला होता. ओठ तेवढेच उघडत होते, मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, आणि येत होती नुसती हवा. दादा हळू बोलायला शिकला असेल यावर माझा विश्वास बसेना. मी डायरेक्टरला चहाला पाठवलं आणि वहिनीला फोन लावला.

 वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्हाला सांगायचं न्हाई म्हणले होते. आता त्यांना वरडता येत न्हाई, म्हणून सांगायले." घशात गाठ होती. तंबाखूची. शूटिंग संपलं तशी हैदराबादला नेऊन शस्त्रक्रिया केली, बोलायची पेटीच काढली. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात, वर रुमाल बांधतात. जीव वाचला. "लई दिस झाले. दुकानात बसतेत. पाटीवर लिहून दाखवतेत. गिऱ्हाईक म्हणते, मालक रुसले का."

"मला का नाही सांगितलं वहिनी?"

"म्हणले, त्याला कळालं की त्यो येईल. आला की बोलावं लागंल. अन् आता बोलायचं कशानं?"

मी फोन ठेवला. पंखा बंदच होता, तो लावायचंही सुचलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्यातलं निम्मं वाईट स्वतःसाठी होतं हेही कबूल करतो. मला हवं असलेलं ते वाक्य आता कुठल्याच पंगतीत, कुठल्याच मातीला दादाच्या आवाजात येणार नव्हतं. त्याचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, या सिनेमात, गिरणीखाली. आणि तो पुसून त्या जागी माझा टाकायचं काम मी घेतलं होतं.

काम मात्र सोडलं नाही. उलट नीट करायला लागलो. आता राग नव्हता, त्यामुळे पहिल्याच टेकला ओके व्हायला लागलं. फक्त एक शॉट अडला. दोघा भावांची शेवटची गाठ होते, दादाचा संवाद संपतो, आणि तरी तो कॅमेऱ्याच्या जरा बाजूला पाहत आणखी काहीतरी बोलतो. चेहऱ्यावर असा त्रास की पाहणाऱ्याच्या काळजात चर्र व्हावं. डायरेक्टरने तो शॉट चेहऱ्यासाठी ठेवला होता. स्क्रिप्टमध्ये तिथे काहीच नव्हतं. "सर, ओठ हालून राहिले, तर काहीतरी टाका," तो म्हणाला. "'खेळ खलास' टाका."

मी टाकलं नाही. त्या ओठांकडे पाहत राहिलो. ओठ दोनदा मिटत होते. आप्पा म्हणताना मिटतात. माझं घरचं नाव घेतानाही मिटतात. समोर सिनेमातला धाकटा भाऊ उभा, त्याच्याकडे बघून दादाला मी आठवलो असेन, आणि त्याने तिथे, गिरणीच्या आडोशाला, ते वाक्य म्हणून टाकलं असेल, असं माझ्या मनाने घेतलं. मन एकदा धावायला लागलं की त्याला कासरा लागत नाही.

पुढचे पाच दिवस दुपारी शटर ओढून मी त्या एका वाक्यातली गिरणी काढत बसलो. कॉम्प्युटरवर असं करता येतं. गुरगुर वेगळी काढायची, खरखर वेगळी काढायची, टक् एकेक करून उचलायचा. दोन कापडवाले आणि एक डोळ्यांचं शिबिर परत पाठवलं. आधी नुसती हवा आली. मग हवेत आकार आला. पाचव्या दिवशी दादा बोलला. बसलेल्या, फाटलेल्या आवाजात, पण दादाच. मी एकदा ऐकलं, मग परत एकदा ऐकलं.

"ती गिरणी बंद करा म्हणावं की आधी."

एवढंच. घसा जळत होता, ओरडवत नव्हतं, म्हणून वैतागून कुणाला तरी सांगत होता. मी हसलो. मग बराच वेळ रडलो. मग तोंड धुऊन डोळ्यांच्या शिबिराला फोन केला की उद्या या.

ते वाक्य मी तसंच ठेवलं. साफ केलेलं नाही, मूळचं, गिरणीसकट, फक्त शब्द कळतील इतका आवाज वर घेतला. डायरेक्टर हबकला. सगळ्या सिनेमात आवाज स्वच्छ आणि नेमका शेवटी घरघराट, असं कसं चालेल म्हणाला. मी त्याला सांगितलं, हे ठेवायचं नसेल तर माझं बाकीचं डबिंगही घेऊ नको. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. कारण काय ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पहिला खेळ लातुरात एका मंगल कार्यालयात ठेवला. पडदे ओढून भर दुपारी. खुर्च्यांना लग्नातली पांढरी कापडं तशीच होती, भिंतीवर आदल्या लग्नातली दोन नावं थर्माकोलची चिकटलेली होती. दादा पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसला होता, गळ्याला स्वच्छ रुमाल. वाळला होता. मिशी शाबूत होती. मी मागे साउंडच्या टेबलाशी. तो माझ्याकडे न बघता आत गेला होता. नाकावरचा राग अजून उतरलेला नव्हता.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर दादाने तोंड उघडलं आणि माझा आवाज आला. हॉलमध्ये कुणालाही काही वेगळं वाटलं नाही. त्याचे गोलाईतले शेजारी, गिऱ्हाइकं, सगळे खूश. एक म्हातारा तर दादाच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "मालक, आवाज लई खणखणीत लागलाय." दादाने मान हलवली. पुढारी काचेतून हात हलवत गेला तेव्हा त्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटचा प्रसंग आला. दोन भाऊ समोरासमोर, पिस्तुलं ताणलेली. माझ्या आवाजातला संवाद संपला, आणि गिरणी सुरू झाली. टक्. टक्. दादाचा तो त्रासलेला चेहरा, आणि त्याचा स्वतःचा आवाज. "ती गिरणी बंद करा म्हणावं की आधी."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, ही काहीतरी टोळीतली खूण आहे, कुणाला तरी संपवायचा हुकूम. मागून एक जण ओरडला, "केली बंद, मालक!" मी पडद्याकडे पाहतच नव्हतो. मी दादाच्या पाठीकडे पाहत होतो. आधी ती ताठ झाली. मग खांदे हलायला लागले. गळ्यातून आवाज येत नसला तरी माणूस खांद्यांनी हसू शकतो हे मला तेव्हा कळलं. खांदे थांबले, आणि तो खुर्चीत वळून मागे टेबलाकडे पाहत राहिला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याने मला सरळ पाहिलं.

खेळ संपल्यावर लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. ते आटोपून तो माझ्याजवळ आला. खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, दोरीने बांधलेली पेन्सिल. लिहिलं, "जोड अजून बदलला नाही त्यानं."

मी म्हटलं, "ऐकू आला."

मग त्याने वरच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. घड्या पडून पडून कागद मऊ झाला होता, कडा मळल्या होत्या. म्हणजे तो त्या दिवशी लिहिलेला नव्हता. वर लिहिलं होतं, 'तुझ्या आवाजात भरून पाठव.' खाली आकडे घालून वाक्यं. या मालक, बसा. बैल देवणी हाय का गावरान. भाव एकच, कमी होणार न्हाई. उद्या या. एक वाक्य वहिनीसाठी, भाजीत मीठ न्हाई. एक नातीसाठी, अभ्यास झाला का. दोन शिव्या, एक साधी आणि एक आप्पांची. अशी दहा वाक्यं होती.

अकरावं सगळ्यात लांब होतं. त्यात त्याचं पूर्ण नाव होतं. यांचं दुःखद निधन झालं आहे. वयाची जागा रिकामी होती, वेळेचीही. अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल. आणि त्याखाली, गिऱ्हाइकाला बजावून सांगावं तसं दोनदा अधोरेखित केलेलं, 'पेनड्राइव्ह नवी घेणे. आत दुसरं काही भरू नये.'

मी वायर शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली गेलो. बराच वेळ वायर सापडली नाही. वर आलो तेव्हा दादा तिथेच उभा होता. त्याने माझ्या शर्टाच्या बाहीने माझं तोंड पुसलं, लहानपणी शेंबूड पुसायचा तसं, जरा जोरातच.

नांदेडला येऊन मी दुसऱ्याच दिवशी दहा वाक्यं भरून पाठवली. वहिनीने ती त्याच्या फोनवर लावून दिली, फोनला एक डबडा स्पीकर जोडला. आता तो गादीवर बसून बटण दाबतो आणि बोलतो. जुनी गिऱ्हाइकं म्हणतात मालकांचा घसा सुटला. एकदा उदगीरच्या एका सभ्य माणसाला 'या मालक, बसा'च्या जागी आप्पांची शिवी लागली. तो माणूस मनापासून हसला, बसला आणि अठरा घुंगरांची माळ घेऊन गेला. वहिनी म्हणते, मिठाचं वाक्य गरजेपेक्षा जास्त वाजतं.

रोज सकाळी दादाचा मेसेज येतो. आधी जेवणाखाणाचं विचारतो, मग तपासणीचा रिपोर्ट काय आला ते लिहितो. रिपोर्ट बरे येतात. शेवटी एकच प्रश्न असतो, अकरावं झालं का. पेनड्राइव्ह मी नवी घेतली आहे. ती पाकिटात तशीच टेबलाच्या खणात आहे. मी त्याला लिहितो, दादा, लाइट नाही. तो लिहितो, बरं. आठ महिने झाले, नांदेडात लाइट नाही.